वेदनेची आणेवारी
(ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात सिस्टर काय करतात आणि आपण काय करावे)



दर अंकात आम्ही या पानावर लागण, खोडवा, पाचट, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या खेपेला विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने दवाखान्याची उठाठेव कशाला करावी, असे काही सभासदांना वाटेल. परंतु मागील गळीत हंगामात आमच्याच घरावर प्रसंग आला आणि सोलापूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या दाराशी आम्हाला सहा रात्री काढाव्या लागल्या. तेथे जे पाहिले, विचारले व पुढे वाचून समजून घेतले, ते सभासदांच्या उपयोगाचे आहे अशी आमची खात्री झाली, म्हणून हा लेख.

आमचे थोरले बंधू अठ्ठावन्न वर्षांचे. आयुष्यभर दाऱ्यावर उभे राहून कंबर धरलेली. त्यासाठी गावातल्या दुकानातून दुखण्याची गोळी घ्यायची, चहाबरोबर टाकायची आणि रानात जायचे, असा चार-पाच वर्षांचा क्रम. उपाशीपोटी घेतलेल्या या गोळ्यांनी जठराला आतून व्रण पडला आणि एका पहाटे तो फुटला. पोट फळीसारखे कडक झाले. मोहोळहून सोलापूर तीस-पस्तीस किलोमीटर. जीपमध्ये घालून नेले. त्याच सकाळी पोट उघडून छिद्र बुजवावे लागले. ऑपरेशन व्यवस्थित झाले. डॉक्टर म्हणाले, आता पुढचे तीन-चार दिवस महत्त्वाचे.

आम्हाला वाटले होते की ऑपरेशन झाले म्हणजे निम्मी लढाई संपली. खरी गोष्ट अशी की निम्मी लढाई तेव्हा सुरू होते, आणि ती बहुतेक सिस्टर लोकांनी लढावयाची असते.

"काही नाही, बरं आहे"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. त्यांनी विचारले, "दुखतंय का?" बंधू म्हणाले, "काही नाही, बरं आहे." संध्याकाळी आम्हाला पाच मिनिटे आत सोडले, तेव्हाही तेच उत्तर. आम्हाला समाधान वाटले. माणूस कणखर आहे, असे आम्ही बाहेर येऊन वहिनींना सांगितले.

रात्रपाळीच्या सिस्टरना मात्र ते पटले नाही. त्या याच जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. त्यांनी पुरते एक मिनिट घड्याळ धरून छातीच्या हालचाली मोजल्या. निरोगी माणूस आरामात असताना मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. बंधूंचे श्वास अठ्ठावीस भरले, आणि तेही वरच्या वर, उथळ. उजव्या हाताची मूठ आवळलेली होती. कपाळाला आठ्या होत्या. घशात कफ घरघरत होता, पण खोकण्याचे नाव नाही.

"काका, दुखतंय ना?"

"नाही ओ बाई."

"मग एकदा खोकून दाखवा बरं."

बंधूंनी खोकण्याचा प्रयत्न केला आणि मध्येच डोळे मिटून घेतले. सिस्टर म्हणाल्या, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, आणि दहा म्हणजे याच्यापुढं सोसणंच होणार नाही. तुमचं किती?"

बंधू म्हणाले, "ते दहा-बिहा आमाला कळत नाही, बाई. आणेवारीत सांगू का?"

"सांगा की."

"बारा आणे."

सिस्टरना हसू आले, पण त्यांनी हिशेब बरोबर केला. सोळा आण्यांत बारा आणे म्हणजे दहात साडेसात. तक्त्यावर आकडा लिहिला, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे औषध वाढविले. अर्ध्या तासाने परत येऊन विचारले. "सहा आण्यावर आलं." आणखी काही वेळाने "चार आणे." मग सिस्टरनी एक उशी घडी करून टाक्यांवर ठेवली, बंधूंचे दोन्ही हात तिच्यावर दाबून धरायला लावले आणि म्हणाल्या, "आता खोका." कफ सुटला. पहाटेपर्यंत श्वास वीसवर आले. सकाळी त्यांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसविले.

हे सारे आम्हाला सकाळी सिस्टरनीच सांगितले. दिवसाच्या डॉक्टरांनीही सांगितले की आणखी एखादा दिवस तसाच गेला असता, तर छाती भरून न्यूमोनिया होण्याचा धोका होता. म्हणजे ज्याला आम्ही कणखरपणा समजत होतो, तोच आमच्या बंधूंना धोक्याकडे नेत होता.

जुनी आणेवारीची पद्धत सभासदांना ठाऊक आहे. १९५७ साली दशमान नाणी आली, सरकारी कागदावर आता पैसेवारी म्हणतात, तरी तोंडी हिशेब आण्यांतच चालतो. पिकाची आणेवारी चुकीची लागली तर शेतकऱ्याला सवलत मिळत नाही. वेदनेची आणेवारी खोटी सांगितली तर रोग्याला औषध मिळत नाही. गोष्ट इतकी सरळ आहे.

वेदना सोसल्याने काय बिघडते

आपल्याकडे दुखणे सोसणे हा गुण मानला जातो. कोयत्याने बोट कापले तर चिंधी बांधून मोळी पुरी करणारी माणसे आपण पाहतो. ऑपरेशननंतर हा गुण अवगुण होतो, याची कारणे पाहू.

पोटावर किंवा छातीवर चीर असली की खोल श्वास घेताना ती ताणली जाते. म्हणून माणूस नकळत उथळ श्वास घेतो आणि खोकणे टाळतो. फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, तेथे कफ साठतो आणि जंतू वाढतात. पाण्याचा निचरा नसलेल्या चिबड रानासारखी छातीची अवस्था होते.

दुसरे, तीव्र वेदनेत शरीर संकटाची रसायने सोडते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो, रक्तातील साखर वाढते. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांना हे महागात पडते. साखर वाढली की जखम भरण्यास विलंब लागतो.

तिसरे, दुखते म्हणून माणूस हलत नाही. पाय निश्चल राहिले की पोटऱ्यांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात, आणि अशी गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

चौथे, झोप येत नाही. वेदना, जागरण, दिवस-रात्र जळणारे दिवे आणि यंत्रांचे आवाज यांनी माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. नळ्या उपटतो, घरच्यांना ओळखत नाही. वयस्कर रुग्णांत हे पुष्कळ दिसते. पुष्कळदा हा भ्रम काही दिवसांत ओसरतो, परंतु तोपर्यंत रोग्याचे व घरच्यांचे हाल होतात.

आणि पाचवे, सुरुवातीचे तीव्र दुखणे नीट आवरले नाही तर काही रुग्णांत ते मज्जातंतूंत मुरते व जखम भरून आल्यावरही महिनोन् महिने राहते.

आमच्याच गटातील एका सभासदाच्या वडिलांची हकीगत आम्हाला आठवते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांचे पोटाचेच ऑपरेशन झाले. वडील बोलत नव्हते, तेथे कुणी पुन्हा पुन्हा विचारले नाही, आणि घरच्यांनी "नशेचं इंजेक्शन नको" म्हणून सांगितले होते. त्या घरच्यांच्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही मान डोलावली होती. चौथ्या दिवशी छाती भरली, कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. ते घरी आले, पण पुन्हा रानात उभे राहिले नाहीत. त्या मान डोलावण्याची टोचणी आम्हाला आजही आहे, आणि हा लेख लिहिण्याचे ते एक कारण आहे.

मोजायचे कसे?

उसाची पक्वता पाहण्यासाठी आपण रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. रसाचा थेंब टाकला की ब्रिक्स दिसते. वेदनेला असे यंत्र नाही. नाडी आणि रक्तदाब मॉनिटरवर दिसतात, पण ते तापाने, रक्तस्रावाने, भीतीनेही बदलतात. तेव्हा केवळ त्यांवरून वेदना ठरवता येत नाही. ते आकडे फक्त इशारा देतात.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ साली असा विचार मांडला की रोगी सांगेल तीच त्याची वेदना मानावी. आज हे साधे वाटते. त्या काळी मात्र रोग्याला किती दुखावे हे डॉक्टर आणि नर्स ठरवीत. एका परिचारिकेने ही रीत उलटी केली. म्हणून आता जगभर रोग्याला शून्य ते दहा यांतला आकडा विचारतात. लहान मुलांना हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून बोट ठेवायला सांगतात. आकडा कळत नसेल तर "थोडं, मध्यम, फार" असे विचारले तरी चालते. बंधूंची आणेवारी चालली, ती याच न्यायाने.

पण अतिदक्षता विभागात पुष्कळ रुग्णांच्या घशात श्वासाची नळी असते. त्यांना बोलताच येत नाही. त्यांचे काय?

येथे आम्हाला आमचा धंदा आठवला. ऊस कुठे बोलतो? पान पिवळे पडून शिरा हिरव्या राहिल्या की आपण लोहाची कमतरता ओळखतो. पोंगा वाळला, ओढल्यावर सहज निघाला की खोडकीड ओळखतो. तसेच न बोलणाऱ्या रोग्याचे निरीक्षण करण्याची शिस्त परिचारिकांनी बसविली आहे. कॅनडातील सेलीन जेलिना या परिचारिका-संशोधिकेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात.

पहिली, चेहरा: कपाळाला आठ्या आहेत का, डोळे घट्ट मिटले आहेत का. दुसरी, हालचाल: रोगी जखमेकडे हात नेतो का, तळमळतो का, नळी ओढतो का. तिसरी, स्नायूंचा ताण: सिस्टर त्याचा हात हळूच वाकवून व सरळ करून पाहतात, तो ताठ लागतो की सैल. चौथी, यंत्राशी जमते का: श्वासाच्या यंत्राबरोबर तो शांत श्वास घेतो की त्याच्याशी झगडतो. नळी नसलेला रोगी असेल तर कण्हण्याचा आवाज ऐकतात. प्रत्येक गोष्टीला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण आठ. तीन किंवा अधिक गुण भरले तर दुखते आहे असे समजून उपाय करतात. कुशीवर वळविताना पाहणे विशेष महत्त्वाचे, कारण स्वस्थ पडलेल्या रोग्याची वेदना लपून राहते.

कॅथलीन पुंटिलो या दुसऱ्या परिचारिका-संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की अतिदक्षता विभागातील प्रौढ रोग्यांना नेहमीच्या कामांपैकी नुसते कुशीवर वळविणे सर्वांत अधिक दुखते. आपल्याला वाटते सुई दुखते, टाके दुखतात. पण दिवसातून अनेकदा होणारे साधे काम सर्वांत दुखरे निघाले. म्हणून जाणत्या सिस्टर वळविण्याआधी, नळी काढण्याआधी, ड्रेसिंगआधी औषधाला वेळ देतात आणि मग हात लावतात.

औषध कसे देतात

औषध कोणते व किती, ते डॉक्टर लिहितात. सिस्टर आपल्या मनाने औषध बदलीत नाहीत. पण लिहिलेल्या आदेशाच्या चौकटीत केव्हा द्यायचे, दिल्यावर गुण आला की नाही, न आल्यास डॉक्टरांना केव्हा उठवायचे, हे त्यांच्या नजरेवर असते. डॉक्टर फेरीला येतात आणि जातात, सिस्टर पाळीभर उशाशी असतात.

पहिले तत्त्व वेळेचे. पीक कोमेजून गेल्यावर पाणी दिले तर ते सावरायला पाणीही जास्त लागते आणि वाढही खुंटते. तद्वत वेदना शिगेला पोहोचल्यावर औषध दिले तर मात्रा जास्त लागते व गुण उशिरा येतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस ठरावीक तासांनी औषध देतात, आणि मध्ये लागलेच तर जादा देतात. काही रोग्यांना पंपाने थेंबथेंब चालू ठेवतात. ठिबक सिंचनाचा आणि त्याचा न्याय एकच.

दुसरे तत्त्व मिश्रणाचे. नुसता युरिया टाकून ऊस येत नाही, नत्र, स्फुरद, पालाश यांचा मेळ लागतो. तसेच एकाच औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी निरनिराळ्या तऱ्हेची औषधे लहान मात्रेत देतात. शिरेतून पॅरासिटामॉल हे त्यांतले पायाचे. प्रौढ माणसाला साधारणपणे दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते देत नाहीत, आणि वजन कमी किंवा यकृत दुबळे असेल तर त्याहून कमी. डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरविणारी औषधे चांगला गुण देतात, पण जठर व मूत्रपिंड यांना त्यांचा त्रास होऊ शकतो. आमच्या बंधूंना ती मुळीच देता आली नाहीत, कारण त्याच जातीच्या गोळ्यांनी त्यांचे पोट फोडले होते. वहिनींनी पिशवीतून गोळ्यांचे रिकामे पाकीट काढून सिस्टरना दाखविले म्हणून ते वेळीच कळले.

काही ऑपरेशनांत पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिरतेचे औषध देतात. त्याने पोटापुरती किंवा पायापुरती वेदना कमी होते आणि माणूस शुद्धीवर राहतो. काही ठिकाणी रोग्याच्या हातात बटण असलेला पंप देतात. दुखले की त्याने दाबावे. ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त औषध यंत्र सोडत नाही. हे बटण रोग्यानेच दाबावयाचे. माया म्हणून मुलाने किंवा बायकोने दाबू नये, कारण औषधाने झोप आलेला माणूस स्वतः बटण दाबू शकत नाही, आणि तीच त्या पंपाची राखण आहे.

औषधाखेरीजही उपाय आहेत. उशी धरून खोकणे आपण पाहिलेच. गुडघ्याखाली उशी देऊन पोटाचा ताण कमी करणे, पाठीवरून हात फिरविणे, रात्री दिवे मंद करणे, काय करणार आहोत ते आधी सांगणे. दुखऱ्या जागेभोवती चोळले की बरे वाटते, हा आजीबाईचा अनुभव. मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली त्यामागील उपपत्ती मांडली. स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात, असे त्यांनी दाखविले. टाक्यांवर मात्र कुणी चोळू नये.

अफूचे भय

मोठ्या वेदनेसाठी मॉर्फिन, फेंटानिल अशी औषधे लागतात. मॉर्फिन अफूपासून काढतात. अफूच्या बोंडाला चिरा पाडून चीक गोळा करतात. हे पीक मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने घेतले जाते आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. आपल्या उसाप्रमाणे त्यालाही लावणीपासून वजनापर्यंत नोंद, फक्त पहारा कितीतरी कडक.

१९८५ सालच्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले. रुग्णालये परवान्यांच्या कटकटीला भिऊन ते ठेवीनात आणि कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक औषधांसाठी नियम सुटसुटीत झाले. आजही ही औषधे कुलपात असतात, वहीत प्रत्येक कुपीचा हिशेब असतो, आणि उरलेले औषध दुसऱ्या साक्षीदारासमोर टाकून देतात. हा हिशेब सिस्टरच ठेवतात.

"याची चटक लागेल का?" हा प्रश्न आम्हीही विचारला. उत्तर असे मिळाले की ऑपरेशननंतर थोडे दिवस, मोजून, देखरेखीखाली दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका थोडा असतो. ज्यांना आधीपासून दारूचे वा इतर व्यसन आहे, त्यांच्याबाबत अधिक सावध राहतात. खरा धोका निराळा आहे: मात्रा जास्त झाली तर माणूस गुंगतो आणि त्याचे श्वास मंदावतात. म्हणून सिस्टर औषधानंतर दोन गोष्टी पाहत राहतात, हाक मारल्यावर जागा होतो का, आणि मिनिटाला श्वास किती. श्वास आठ-दहाच्या खाली आले तर औषध थांबवून ताबडतोब डॉक्टरांना बोलावतात. त्यावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. मळमळ, खाज, बद्धकोष्ठ हे लहान त्रास होतात, त्यांवरही उपाय असतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटली. वेदना ही निरोप्याही असते. आवाक्यात आलेले दुखणे अचानक वाढले, जागा बदलली, पोट फुगले किंवा ताप चढला, तर आत रक्तस्राव किंवा गळती असू शकते. तेव्हा नुसते औषध वाढवून भागत नाही, आधी कारण शोधावे लागते. उसाचा प्लॉट एका रात्रीत माना टाकू लागला तर आपण खत टाकण्यापूर्वी मूळ उपटून पाहतो. तसेच हे.

या बायांची थोरवी

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा अभिमान आहे. १९३८ साली ते चीनमध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघर गेले. त्यांच्या पत्नी कुओ छिंग-लान या परिचारिका होत्या, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात राहिले. डॉक्टरांचे नाव राहते, सिस्टरचे राहत नाही, ही जुनीच रीत आहे. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. त्या नावाजलेल्या दवाखान्यातही रोग्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या परिचारिकांची नावे कुणाला सांगता येत नाहीत.

आज सोलापुरात शासकीय रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, ते आहे. आपल्या सहकाराच्या वाटेवरचे अश्विनी सहकारी रुग्णालय आहे. बार्शीला कर्करोगाचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे. इमारती व यंत्रे दिसतात. परंतु यंत्रावर असलेल्या रोग्यामागे एक सिस्टर असावी, ही अपेक्षा सगळीकडे पुरी होतेच असे नाही. एका सिस्टरकडे तीन-चार खाटा आल्या तर पुरते एक मिनिट श्वास मोजायला तिने वेळ कोठून आणावा? आपल्या तालुक्यातील मुली नर्सिंगला जातात, तेव्हा कुणी नाक मुरडू नये. कारखाना बंद पडला तर हंगाम बुडतो. त्या रात्री ती मुलगी नसती तर आमचे घर बुडाले असते.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. दुखत असेल तर दुखते म्हणून सांगा. आकड्यात, आण्यात, जसे जमेल तसे. पडून असताना किती आणि खोकताना किती, ही दोन्ही उत्तरे द्या.

२. घरी चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे व पुड्या सिस्टरना दाखवा. पाकिटे बरोबर न्या.

३. दारू, तंबाखू, मिश्री यांची सवय लपवू नका. ती एकाएकी बंद झाल्यानेही रोगी अस्वस्थ होतो, आणि कारण ठाऊक नसेल तर उपाय चुकतो.

४. मूत्रपिंडाचा विकार, दमा, मधुमेह, पूर्वीचा अल्सर किंवा एखाद्या औषधाने उठलेले पित्त, हे न विचारताही सांगा.

५. बाहेरून आणलेली गोळी रोग्याच्या तोंडात चोरून घालू नका. आत काय चालू आहे ते तुम्हाला ठाऊक नसते.

६. "इंजेक्शन नको" असे परस्पर ठरवू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

७. भेटीच्या पाच मिनिटांत रडारड करू नका. हात धरा, वार सांगा, वेळ सांगा, घरची गाय व्याली ते सांगा. भ्रम आवरायला त्याची मदत होते. चष्मा किंवा कानाचे यंत्र असेल तर ते आत पोहोचवा.

८. रोगी बोलू शकत नसेल तर त्याच्या खोडी सिस्टरना सांगा. दुखले की हा गप्प बसतो की चिडतो, हे घरच्यांनाच माहीत असते.

९. आणि कंबरदुखीवर दुकानातली गोळी रोज, उपाशीपोटी, डॉक्टरांना न विचारता घेणे आजच बंद करा. आमच्या घरी सारे तेथूनच सुरू झाले.

बंधू सहाव्या दिवशी साध्या वॉर्डात आले व पंधराव्या दिवशी घरी. निघताना त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरना विचारले, "बाई, आता किती लिवायचं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते, काका." बंधू म्हणाले, "एक आणा ठेवा. अगदीच नाही म्हटलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही."

परवा ते बांधावर उभे राहून खोडव्याच्या पाचटाचा हिशेब आम्हाला समजावीत होते. चूक आमची काढीत होते, म्हणजे प्रकृती सुधारली असे समजावयास हरकत नाही.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे आडसाली लागणीच्या पूर्वतयारीविषयी लिहू. ज्या सभासदांचे माती परीक्षण राहिले आहे, त्यांनी आपल्या गट ऑफिसात नमुने द्यावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी